आबांची गोळी: मेंदूतल्या रक्तस्रावानंतर पुन्हा सुरू करायची की नाही?

पहाटे गोठ्यात धार काढायला बसलेले आबा बसल्या जागी डावीकडे कलंडले. सूनबाई धावल्या तेव्हा तोंड उजवीकडे ओढलेलं होतं, जीभ जड झाली होती, डावा हात लोंबकळत होता. शेजारच्या घरातून कुणीतरी ॲस्पिरिनची गोळी घेऊन आलं. हार्ट अटॅक असो नाहीतर लकवा, ही आधी द्यायची, असं त्यांनी कुठंतरी ऐकलं होतं. सूनबाईंनी ती दिली नाही, कारण आबांना घोटभर पाणीही गिळता येत नव्हतं, ठसका लागत होता. दोन तासांत सीटी स्कॅन झाला आणि त्या न दिलेल्या गोळीचं मोल कळलं. नस तुंबली नव्हती, फुटली होती.

आबा ७१ वर्षांचे, निवृत्त एसटी चालक, गाव फलटण तालुक्यातलं. वजन ५७ किलो. रक्तदाब वीस वर्षांपासून, मधुमेह आठ वर्षांपासून. चार वर्षांपूर्वी मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी काढलेल्या ईसीजीत ठोके अनियमित दिसले, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन. आम्ही डॉक्टर त्याला एएफ म्हणतो, आबा ‘ठोक्यांचा आजार’ म्हणतात. एएफमध्ये हृदयाचा वरचा कप्पा नीट आकुंचन पावत नाही, नुसता थरथरतो. डाव्या अलिंदाला, म्हणजे डावीकडच्या त्या वरच्या कप्प्याला, एक छोटी पिशवी असते. तिथं रक्त साचून राहिलं की गुठळी होते आणि ती सुटून मेंदूकडे गेली तर मोठा झटका येतो. हे टाळण्यासाठी आबांना असिनोकुमारॉल, म्हणजे रक्त पातळ ठेवणारी जुनी गोळी चालू होती.

दवाखान्यात आले तेव्हा रक्तदाब २१४/११२. सीटीत उजव्या बाजूला खोलवर, बेसल गँग्लियामध्ये, साधारण १८ मिलिलिटरचा रक्तस्राव. आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो हे सांगणारा आकडा, ४.८. ही गोळी घेणाऱ्या एएफच्या रुग्णात तो २ ते ३ असायला हवा.

हा ४.८ आला कुठून, याचा शोध पहिल्याच दिवशी लागला आणि पुढचा सगळा निर्णय त्यावर उभा राहिला. पाच महिने आयएनआर तपासलेला नव्हता. प्रयोगशाळा तालुक्याला, एसटीच्या वेळा अडचणीच्या आणि ‘आबांना काही त्रास नव्हता’. दहा दिवसांपूर्वी पायाला जखम झाली, तिच्यासाठी कुणीतरी मेट्रोनिडॅझोल दिलं. हे औषध असिनोकुमारॉलचा परिणाम वाढवतं. गुडघा दुखतो म्हणून मेडिकलमधून डायक्लोफिनॅक आणलं होतं. या वेदनाशामकानंही रक्तस्रावाचा धोका वाढतो. आणि रक्तदाबाची गोळी महिनाभर बंद होती, कारण शिबिरात बीपी ‘नॉर्मल’ आलं होतं. गोळीमुळे नॉर्मल आलेलं बीपी पाहून गोळी बंद करणं हा प्रकार मी इतक्या वेळा पाहिला आहे की आता रागही येत नाही.

उपचारांत फार काही सांगण्यासारखं नाही. व्हिटॅमिन के शिरेतून, सोबत प्रोथ्रॉम्बिन कॉम्प्लेक्स कॉन्सन्ट्रेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या घटकांचं इंजेक्शन. आयएनआर काही तासांत १.२ वर आला. रक्तदाब वरचा १४०च्या आसपास आणून ठेवला. दुसऱ्या सीटीत रक्तस्राव वाढला नव्हता, ऑपरेशन लागलं नाही. दहाव्या दिवशी आबा घरी गेले. पाय आधाराने टाकत होते, हात अर्धामुर्धा उचलत होते, बोलणं समजत होतं.

डिस्चार्ज कार्डावर एक ओळ होती: ‘रक्त पातळ करणारी औषधे बंद.’ कधीपर्यंत बंद, पुन्हा कोण ठरवणार, कधी यायचं, यातलं काहीच नव्हतं. कार्ड आमचंच होतं, त्यामुळे दोष दुसऱ्यावर ढकलता येत नाही. आज आमच्या प्रत्येक अशा कार्डावर फेरविचाराची तारीख लिहिलेली असते. तारीख नसलेलं ‘बंद’ घरच्यांच्या लेखी कायमचं बंद असतं. त्यात ठोके मात्र अनियमितच राहतात.

चौथ्या आठवड्यात सूनबाईंचा फोन आला. दुसऱ्या एका डॉक्टरांनी ॲस्पिरिन ७५ सुरू केली होती. ‘ती मोठी गोळी नको, पण अगदीच काही नाही असंही नको, म्हणून मधला मार्ग’ असं त्यांनी सांगितलं होतं.

या मधल्या मार्गाबद्दल मला जरा सविस्तर बोलायचं आहे. ऐकायला तो शहाणपणाचा वाटतो आणि म्हणूनच फसवतो. ॲस्पिरिन मुख्यतः धमनीत प्लेटलेट एकमेकांना चिकटून होणाऱ्या गुठळीवर काम करते. एएफमधली गुठळी साचलेल्या रक्तातून, फायब्रिनच्या जाळ्यातून तयार होते आणि तिच्यावर ॲस्पिरिनचा जोर चालत नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या ॲव्हेरोज चाचणीत वॉर्फरिन देणं शक्य किंवा योग्य नसलेल्या ५,५९९ एएफ रुग्णांमध्ये ॲपिक्साबॅन या रक्त पातळ ठेवणाऱ्या नव्या पिढीच्या गोळीची आणि ॲस्पिरिनची तुलना झाली. ॲस्पिरिन घेणाऱ्यांत झटक्यांचं आणि इतरत्र गुठळी जाण्याचं प्रमाण वर्षाला ३.७ टक्के होतं, ॲपिक्साबॅन घेणाऱ्यांत १.६ टक्के. मोठ्या रक्तस्रावांमध्ये मात्र दोघांत फारसा फरक नव्हता. म्हणजे संरक्षण कमी मिळालं आणि धोका जवळपास तेवढाच राहिला. त्या चाचणीत आधी मेंदूत रक्तस्राव झालेले रुग्ण नव्हते, हे मान्य. २०१९च्या ‘रिस्टार्ट’ चाचणीतून असंही दिसलं की रक्तस्रावानंतर ॲस्पिरिनसारखी गोळी पुन्हा सुरू केल्याने रक्तस्राव वाढत नाही. पण ती गोळी ज्यांना स्टेंट, हृदयविकार, धमन्यांचा आजार अशा कारणांसाठी लागते, त्यांच्यासाठीचा तो दिलासा आहे. आबांना असं कुठलंही कारण नव्हतं. मी ॲस्पिरिन बंद करायला सांगितली आणि आठव्या आठवड्याची तारीख दिली.

आठच आठवडे का? अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०२२च्या मार्गदर्शक सूचनांत अशा रुग्णात गोळी पुन्हा द्यायचीच असेल तर साधारण सात-आठ आठवड्यांनी विचार करावा असं आहे. तेही ‘करता येईल’ अशा सैल शब्दांत. कृत्रिम धातूची झडप असलेल्या रुग्णात इतकं थांबता येत नाही. त्यांचं गणितच वेगळं.

त्या दिवशी आबा, सूनबाई आणि चाकणला कंपनीत असलेला मुलगा असे तिघं आले. मुलानं खुर्चीवर बसायच्या आधीच विचारलं, “डॉक्टरसाहेब, ज्या गोळीनं आबांच्या डोक्यात रक्त सांडलं, तीच तुम्ही परत देणार?”

प्रश्न रास्त होता. पण नुसता ‘गुठळी जड की रक्तस्राव जड’ असा तराजू धरला की माणूस जे ऐकून घाबरला आहे त्याच बाजूला पारडं झुकतं. या घरानं रक्तस्राव डोळ्यांनी पाहिला होता, गुठळीचा झटका नव्हता. म्हणून मी त्यांना आधी दुसराच प्रश्न विचारला: रक्तस्राव कुठं झाला आणि का झाला?

मेंदूतले रक्तस्राव ढोबळमानाने दोन जातींचे. खोलवरचे, म्हणजे बेसल गँग्लिया, थॅलॅमस, मेंदूस्तंभ इथले. ते बहुतेक वेळा वर्षानुवर्षं चढलेल्या रक्तदाबाने बारीक धमन्या झिजल्यामुळे होतात. दुसरे लोबर, म्हणजे मेंदूच्या पृष्ठभागाजवळचे. वयस्क माणसात यामागे अनेकदा सेरेब्रल अमायलॉइड अँजिओपॅथी असते. धमन्यांच्या भिंतीत अमायलॉइड नावाचं प्रथिन साठतं आणि भिंती ठिसूळ होतात. या दुसऱ्या जातीवर अजून औषध नाही आणि ती पुन्हा पुन्हा फुटते. अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या एका आकडेवारीत अमायलॉइडवाल्यांत पुन्हा रक्तस्राव होण्याचं प्रमाण वर्षाला ७.४ टक्के आहे, बाकीच्यांत १.१ टक्के.

मी हे सांगत असताना आबा मध्येच बोलले. जीभ अजून थोडी जड होती. “म्हंजे टायरचं हाय. हवा जास्त भरली की चांगला टायर बी फुटतो. अन् रिमोल्डचा असंल तर हवा बरोबर असली तरी कुठंबी फुटतो.” इतकं नेमकं मला वीस वर्षांत कधी सांगता आलं नव्हतं. तेव्हापासून मी हेच वापरतो, उसनं घेतलंय हे सांगून.

आबांचा टायर कुठला हे पाहायला एमआरआय लागतो, तोही एसडब्ल्यूआय नावाच्या सिक्वेन्ससह. त्यात जुन्या, न कळलेल्या बारीक रक्तस्रावांचे काळे ठिपके दिसतात. आबांच्या एमआरआयमध्ये असे तीन ठिपके होते आणि तिन्ही खोलवर. पृष्ठभागावर एकही नाही, मेंदूच्या वळ्यांवर जुन्या रक्ताचा थर, ज्याला सुपरफिशियल सिडेरोसिस म्हणतात, तोही नाही. हा थर दिसला असता तर माझा हात तिथंच थांबला असता.

म्हणजे हवा जास्त झालेला टायर. त्यात आयएनआर ४.८ची भर. दोन्ही कारणं हातात धरता येण्यासारखी.

आता दुसरी बाजू. एएफमध्ये झटक्याचा धोका मोजायला चॅड्स-व्हॅस्क नावाची गुणांची पद्धत आहे. आबांचे गुण तीन: वय ६५ ते ७४ यासाठी एक, रक्तदाबाचा एक, मधुमेहाचा एक. इथं एक चूक नेहमी होते. आधी झालेल्या झटक्याचे जे दोन गुण आहेत ते गुठळीच्या झटक्याचे, रक्तस्रावाचे नव्हेत. आबांना ते मिळत नाहीत. तक्त्याप्रमाणे तीन गुणांना वर्षाला तीन टक्क्यांच्या आसपास धोका येतो. मात्र ते तक्ते प्रामुख्याने रक्तस्राव न झालेल्या लोकांवरून बनवलेले आहेत. रक्तस्राव होऊन गेलेल्या एएफ रुग्णांना गोळीविना ठेवलं तर काय होतं, याचा आकडा यापेक्षा बराच वाईट निघाला.

तो आकडा प्रेस्टीज-एएफ चाचणीतला, २०२५ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेला. युरोपातल्या सहा देशांत ३१९ रुग्ण. निम्म्यांना ॲपिक्साबॅनसारखी नव्या पिढीची गोळी, निम्म्यांना रक्त पातळ करणारी गोळी नाही. गोळी नसलेल्यांत गुठळीचे झटके १०० रुग्ण-वर्षांमागे ८.६, गोळीवाल्यांत ०.८३. पुन्हा मेंदूत रक्तस्राव उलट दिशेने: गोळीवाल्यांत ५, दुसऱ्या गटात ०.८२. पहिला आकडा वाचून गोळी सुरू करणारे आणि दुसरा वाचून बंद करणारे, दोघेही याच लेखाचा हवाला देतात, ही गंमत बघण्यासारखी आहे.

मुलाला मी कागदावर काढून दाखवलं. आबांसारखे शंभर जण, एक वर्ष. गोळी नाही तर आठ-नऊ जणांना गुठळीचा झटका, एखाद्याला रक्तस्राव. गोळी दिली तर एखाद्याला गुठळी, पाच जणांना रक्तस्राव. नऊ-दहाच्या जागी सहा. पण हिशेब इथंच मिटला असं मी म्हटलं नाही, कारण मेंदूतला रक्तस्राव सरासरीने गुठळीच्या झटक्यापेक्षा जास्त जीवघेणा असतो. चाचणीत मृत्यू गोळीवाल्यांत १६, दुसऱ्या गटात २१ होते. म्हणजे गोळीने कुणाला ठळकपणे तारलं असं नाही आणि मारलं असंही नाही.

मग माझा कल गोळीकडे का? कारण ते पाच रक्तस्राव सगळ्यांत सारखे वाटले जात नाहीत. चाचणीत खोलवरचे आणि लोबर असे दोन्ही रुग्ण होते. लोबरवाल्यांचं काय होतं हे ‘एनरिच-एएफ’ या दुसऱ्या चाचणीत दिसलं. तिथं एडोक्साबॅन ही त्याच नव्या पिढीतली गोळी देऊन पाहत होते. सुरक्षा समितीने २०२३ साली लोबर रक्तस्रावाच्या आणि मेंदूच्या पृष्ठभागावर रक्त सांडलेल्या रुग्णांची भरती थांबवायला सांगितली, कारण त्यांच्यात पुन्हा रक्तस्राव होण्याचं प्रमाण सहन करण्यापलीकडे गेलं होतं. आबा त्या गटातले नाहीत. २०२१च्या दोन छोट्या चाचण्या, ब्रिटनमधली ‘सोस्टार्ट’ आणि नेदरलँड्समधली ‘अपाची-एएफ’, यांनी कौल दिला नाही. २०३ आणि १०१ रुग्णांत तो मिळणंही अवघड होतं.

एकच गोष्ट मी मुलाला ठामपणे सांगितली: तीच गोळी परत देणार नाही. असिनोकुमारॉल किंवा वॉर्फरिनपेक्षा ॲपिक्साबॅनने मेंदूतला रक्तस्राव बराच कमी होतो. २०११च्या अ‍ॅरिस्टॉटल चाचणीत रक्तस्रावी झटके वॉर्फरिनच्या साधारण निम्मे होते. शिवाय आयएनआरच्या फेऱ्या नाहीत. आपल्याकडे मात्र एक अट आधी तपासावी लागते. लहानपणीच्या संधिवाती तापाने मायट्रल झडप आकसलेली नाही ना? तशी असेल तर जुनीच गोळी हवी. २०२२च्या इन्व्हिक्टस चाचणीत अशा रुग्णांत रिव्हरॉक्साबॅन हे नव्या पिढीचं औषध जुन्या गोळीपुढे कमी पडलं आणि अशा झडपा आपल्या खेड्यापाड्यांत अजून सापडतात. आबांचा टूडी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, पुन्हा केला. झडपा ठीक, डावं अलिंद मात्र फुगलेलं.

तिसरा पर्यायही ठेवला. डाव्या अलिंदाच्या त्या पिशवीचं तोंड कॅथेटरमधून छोटी छत्री बसवून बंद करता येतं. झडपेचा आजार नसलेल्या एएफमध्ये गुठळ्या बहुतेक तिथंच होतात. कल्पना सुरेख आहे. पण छत्रीवर पेशींचं अस्तर चढेपर्यंत काही आठवडे ते महिने रक्त पातळ करणारी किंवा प्लेटलेटविरोधी औषधं घ्यावीच लागतात, पुण्या-मुंबईला जावं लागतं आणि खर्च काही लाखांत जातो. आबांचा रक्तस्राव लोबर असता तर मी याच पर्यायावर जास्त वेळ बोललो असतो. “शेताचा तुकडा इकायचा असंल तर सांगा,” आबा म्हणाले. मी नको म्हटलं.

डोसवरून थोडी वादावादी झाली, ती घरच्यांशी नव्हे, माझ्याच सहकाऱ्याशी. त्याचं म्हणणं, वजन ५७ किलो, डोक्यात रक्तस्राव झालेला, तेव्हा २.५ मिलिग्रॅम दोनदा देऊ. पण ॲपिक्साबॅनचा डोस निम्मा करायचे निकष ठरलेले आहेत: वय ८० किंवा जास्त, वजन ६० किलो किंवा कमी, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) १.५ किंवा जास्त. तीनपैकी दोन लागतात. आबांचं वय ७१, क्रिएटिनिन १.१, म्हणजे एकच निकष. आपल्याकडे साठ किलोच्या आतले म्हातारे गावोगावी आहेत, त्यामुळे ही चूक सर्रास होते. भीतीपोटी निम्मा केलेला डोस मला त्या ॲस्पिरिनचाच भाऊबंद वाटतो. द्यायची तर पूर्ण, नाहीतर द्यायची नाही. ५ मिलिग्रॅम सकाळी आणि ५ संध्याकाळी असं ठरलं.

सुरू मात्र लगेच केली नाही. त्या दिवशी बीपी १५८/९४ होतं. हवा कमी झाल्याशिवाय गाडी काढायची नाही, हे आबांच्याच भाषेत सांगितलं. दंडाला लावायचं मशीन मुलानं त्याच संध्याकाळी आणलं. सकाळ-संध्याकाळ मोजायचं, वहीत लिहायचं. दोन गोळ्यांच्या तीन झाल्या, पापड-लोणचं ताटातून गेलं, खर्डा अर्धा झाला (पूर्ण बंद करायला आबा तयार नव्हते आणि मीही फार ताणलं नाही). लक्ष्य १३०/८०च्या आत. वहीत सलग दहा दिवस तसे आकडे आल्यावर, रक्तस्रावानंतर दहाव्या आठवड्यात, पहिली ॲपिक्साबॅन दिली. गोळीविना गेलेल्या या जादा दोन आठवड्यांची जोखीम मी समजून घेतली होती.

आता सात महिने झालेत. पहिल्या महिन्यात कळलं की संध्याकाळची गोळी आठवड्यातून दोनदा चुकते, कारण आबा सातलाच जेवून झोपतात आणि गोळी नऊची ठरवलेली. या गोळीचा अंमल बारा तासांत ओसरायला लागतो, त्यामुळे चुकवणं महागात पडतं. वेळ सहाची केली. गुडघ्याला पॅरासिटामॉल आणि शेक, डायक्लोफिनॅकचं नाव मेडिकलवाल्याच्या वहीतसुद्धा आबांच्या नावापुढं लाल शाईनं लिहून ठेवलंय. तिसऱ्या महिन्यात दाढ काढायची वेळ आली. दंतवैद्यांनी सात दिवस गोळी बंद ठेवायला सांगितलं. सूनबाईंनी बंद करण्याआधी फोन केला, हे महत्त्वाचं. एक दाढ काढायला फक्त त्या दिवशीची सकाळची गोळी पुढं ढकलली, संध्याकाळची वेळेवर दिली. रक्त थोडं जास्त वेळ आलं, कापूस दाबून थांबलं.

झटका नाही, रक्तस्राव नाही. सात महिन्यांत यावरून काहीच सिद्ध होत नाही. आणि ज्यांचा रक्तस्राव लोबर आहे त्यांनी आबांचं पाहून गोळी मागू नये, हे मी गावातल्या दोघांना आधीच सांगितलं आहे.

वहीच्या पानाचा फोटो सूनबाई दर रविवारी व्हॉट्सॲपवर पाठवतात. बहुतेक आकडे १२४, १२८, १२६ असे. गेल्या रविवारच्या फोटोत शनिवारच्या रात्रीपुढं १५२/९० होतं आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिलेलं: ‘भावकीत लग्न. जेवण बाहेर. बीपीची दुपारची गोळी राहिली.’ मी परत लिहिलं, तीन दिवस तीन-तीन वेळा मोजा आणि बुधवारी फोटो टाका. अर्ध्या तासानं उत्तर आलं, आबांच्या आवाजात रेकॉर्ड केलेलं: “बुधवारी कशाला, उद्याच टाकतो. खर्डा बी बंद केलाय आजच्याला.”